महागलेले यंत्र आणि मायनिंगचा आटलेला नफा

क्रिप्टो मायनिंगच्या, म्हणजे यंत्राने गणिते सोडवून बिटकॉइनसारखी आभासी नाणी मिळवण्याच्या धंद्याच्या, चर्चेत नफ्याचे गणित बहुधा दोनच आकड्यांवर मांडले जाते: नाण्याचा आजचा भाव आणि विजेचा युनिटमागचा दर. तिसरा आकडा यंत्राच्या किमतीचा. तो एकदाच करायचा खर्च म्हणून बाजूला ठेवला जातो आणि ‘वर्ष-दीड वर्षात वसूल होईल’ एवढ्या वाक्यात त्याची बोळवण होते. माझ्या मते या धंद्याचा निकाल याच तिसऱ्या आकड्यावर लागतो, आणि नागपुरात राहून एखाद-दुसरे यंत्र विकत घेऊ पाहणाऱ्या माणसापुरता तर तो निकाल आता लागल्यातच जमा आहे. हार्डवेअर महागण्याची कारणे गेल्या दोन-तीन वर्षांत बदलली आहेत, आणि त्या बदलाकडे ना मायनिंग करणाऱ्यांचे लक्ष आहे ना आपल्या करव्यवस्थेचे.

आधी यंत्राची कमाई कशी ठरते ते पाहू. बिटकॉइनच्या रचनेत सरासरी दर दहा मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा, तयार होतो, म्हणजे दिवसाला १४४. २० एप्रिल २०२४ रोजी झालेल्या हाल्विंगनंतर, म्हणजे ब्लॉकमागचे बक्षीस निम्मे झाल्यानंतर, प्रत्येक ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन मिळतात, म्हणजे साऱ्या जगातील मायनरांना मिळून दिवसाला ४५० नवी नाणी. जगभरातली यंत्रे दुप्पट झाली तरी ही ४५० ची ४५० च राहतात, कारण दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, नेटवर्क आपली काठिण्यपातळी, म्हणजे गणित किती अवघड असावे ते, नव्याने ठरवते. हिंगणघाटच्या जिनिंग कारखान्यात एक जिन वाढवली तर तेवढी जास्त रुई निघते. बिटकॉइनमध्ये एक यंत्र वाढवले की तेवढ्याच रुईचे वाटेकरी वाढतात. म्हणून आज घेतलेल्या यंत्राची कमाई नाण्याचा भाव स्थिर राहिला तरी महिन्यागणिक उतरत जाते. दर चार वर्षांनी येणारे हाल्विंग ती एका रात्रीत अर्धी करते ते वेगळेच.

यंत्राचे आयुष्यही इतर धंद्यांतल्या यंत्रासारखे मोजता येत नाही. २००९ मध्ये घरच्या संगणकाच्या प्रोसेसरवर बिटकॉइन काढता येत होते. २०१० पासून ते काम ग्राफिक्स कार्डांकडे गेले आणि २०१३ मध्ये फक्त याच एका कामासाठी घडवलेल्या चिपांची यंत्रे आली, ज्यांना या व्यवसायात असिक म्हणतात. २०१६ च्या सुमारास गाजलेले अँटमायनर एस९ एका टेराहॅशला, म्हणजे अशा एक लाख कोटी गणितांना, १०० जूलच्या आसपास वीज घेत असे. २०२० च्या एस१९ ने हा आकडा ३४ पर्यंत आणला आणि पुढच्या एस२१ ने साडेसतरावर. एस९ अजूनही सुरू होते, पंखे फिरतात, चिप गणिते करते. पण तेवढ्याच विजेत शेजारचे नवे यंत्र पाचपटीहून अधिक काम करत असल्यामुळे जुन्याची कमाई त्याच्या वीजबिलालाही पुरत नाही. म्हणजे यंत्राची किंमत फेडून घेण्यासाठी हातात असलेला काळ यंत्राच्या टिकाऊपणावर ठरत नाही. इतर लोक केव्हा आणि किती नवी यंत्रे लावतात यावर तो ठरतो.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘हार्डवेअर महागले म्हणून मायनिंगचा नफा घटला’ असे सर्रास म्हटले जाते, पण २०२२ पर्यंत कारण आणि परिणाम यांचा क्रम नेमका उलटा होता. नफा दिसू लागला म्हणून हार्डवेअर महागत होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या घरात पोचले तेव्हा नवी असिक यंत्रे सेकंदाला एका टेराहॅशच्या क्षमतेमागे १०० डॉलरच्याही वर विकली जात होती. वर्षभराने भाव १६,००० डॉलरवर आला तेव्हा त्याच दर्जाची यंत्रे २० डॉलरच्या आसपास मिळत होती. ग्राफिक्स कार्डांचेही तसेच. आरटीएक्स ३०८० ची भारतातली जाहीर किंमत ७१,००० रुपये होती, आणि २०२१ मध्ये ते कार्ड दुप्पट पैसे मोजूनही हाती लागत नव्हते. खेळासाठी कार्ड घेणाऱ्यांची ओरड इतकी वाढली की कार्डांच्या चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाला काही कार्डांवर इथेरियम या दुसऱ्या नाण्याच्या मायनिंगचा वेग मुद्दाम निम्मा करावा लागला. या काळातला सगळा लाभ यंत्र विकणाऱ्याने आधीच किमतीत वसूल करून घेतला होता. जो मायनर भाव चढल्यावर यंत्र घ्यायला गेला, त्याने पुढच्या दोन वर्षांचा अपेक्षित नफा पहिल्याच दिवशी दुकानदाराच्या हातावर ठेवला.

तरीही त्या महागाईत एक दिलासा होता: यंत्र महाग असताना नाणेही महाग असे. २०२४ नंतरच्या महागाईत तो दिलासा उरलेला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी चिप कारखान्यांची क्षमता, मेमरी, उच्च दाबाचे ट्रान्सफॉर्मर आणि वीजजोडण्या अशा सगळ्याच गोष्टींवर हक्क सांगितला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांसाठीचा रॅम आणि एसएसडीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले, कारण तीच मेमरी डेटा सेंटरांना विकणे अधिक फायद्याचे आहे. असिक यंत्राला रॅम फारशी लागत नाही, हे खरे. रॅमच्या भावाचा थेट मार ग्राफिक्स कार्डांवर निघणाऱ्या छोट्या नाण्यांना बसतो. पण असिकच्या चिपाही त्याच मोजक्या कारखान्यांत घडतात जिथे आज सर्वांत मोठी गिऱ्हाइके कृत्रिम बुद्धिमत्तावाली आहेत. त्यात एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने थायलंड, इंडोनेशिया आणि मलेशिया या देशांच्या मालावर अनुक्रमे ३६, ३२ आणि २४ टक्के आयातशुल्क जाहीर केले. पुढे हे दर बदलत गेले, परंतु चिनी उत्पादकांनी अमेरिकी बाजारासाठी याच देशांत जुळणी हलवलेली असल्याने पुरवठ्याची घडी व्हायची तेवढी विस्कटली. यातले एकही कारण बिटकॉइनच्या भावाशी निगडित नाही. यंत्र महाग आणि नाणे मंदीत, अशी अवस्था आता सहज येऊ शकते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. यंत्रे महागली तर नवे लोक कमी येतील, काठिण्यपातळी सावकाश वाढेल आणि ज्यांच्याकडे यंत्रे आधीच आहेत त्यांची कमाई टिकेल, असा तो युक्तिवाद. मला तो मान्य आहे. हार्डवेअरची महागाई जुन्या मायनरचे संरक्षणच करते. पण हा जुना मायनर कोण, हेही पाहायला हवे. तो टेक्सासमध्ये वीज कंपनीशी दीर्घ करार करून बसला आहे, किंवा भूतानमध्ये आहे, जिथे सरकारी गुंतवणूक कंपनी जलविद्युतवर बिटकॉइन काढते. शिवाय मोठेपणाने सगळेच तरतात असेही नाही. अमेरिकेतील कोअर सायंटिफिक ही बलाढ्य मायनिंग कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि तिच्या डोक्यावर तेजीत यंत्रांसाठी घेतलेले कर्जही होते. त्या खाईतून बाहेर आल्यावर २०२४ मध्ये तिने आपल्या जागा आणि वीजजोडण्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीला भाड्याने देण्याचे करार केले. ज्यांनी हा धंदा सर्वांत मोठ्या प्रमाणावर केला, त्यांच्या हाती शेवटी मोलाची म्हणून उरली ती जागा आणि वीजजोडणी.

आपल्याकडे काय उरते ते नागपूरच्या सीताबर्डीत कार्ड दुरुस्तीच्या काउंटरवर पाहायला मिळते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली आणि घरोघरच्या रिगमधली, म्हणजे मायनिंगसाठी एकत्र जोडलेल्या संचांतली, कार्डे सेकंडहँड बाजारात आली, त्यांतली काही अजून फिरत आहेत. कारागीर मागची पट्टी काढतो तेव्हा मेमरी चिपांवरचे थर्मल पॅड बोट लागताच भुग्यासारखे सुटतात, त्यांतून पाझरलेले सिलिकॉनचे तेल पीसीबीवर पसरलेले असते आणि पंखा हाताने फिरवला तर बेअरिंगचा खरखर आवाज येतो. इथल्या कार्डांची आणखी एक खूण म्हणजे जोडांवर चढलेला हिरवट गंज, कारण एप्रिल-मे मध्ये रिगची खोली थंड ठेवायला लोकांनी खसवाला कूलरच लावलेला असतो आणि तो थंडाव्याबरोबर पाण्याची वाफही खोलीत सोडतो. “भाऊ, मायनिंगवालं कार्ड आहे हे, गॅरंटी मागू नका,” असे दुकानदारच सांगून टाकतो. तरी कार्डाला गिऱ्हाईक मिळते, खेळणारा किंवा व्हिडिओ एडिट करणारा कोणीतरी घेऊन जातो. असिकला तेही नाही. त्याला एका ठरावीक गणिताखेरीज दुसरे काहीच येत नाही, आणि ते गणित परवडेनासे झाले की ते यंत्र ई-कचऱ्यात जाते.

आता आकडे मांडू, आणि ते मायनरच्या बाजूने उदारपणे मांडू. जगाचा एकूण हॅशरेट, म्हणजे सगळ्या यंत्रांचा मिळून सेकंदाला गणिते करण्याचा वेग, १,००० एक्साहॅश (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) धरला, जो २०२५ मध्ये गाठला गेला, तर २०० टेराहॅशचे एक एस२१ दिवसाला ०.००००९ बिटकॉइन कमावते. एका बिटकॉइनचा भाव ९० लाख रुपये धरला तर हे ८१० रुपये झाले. ब्लॉकमधल्या व्यवहारांचे शुल्क आणि पूलचे, म्हणजे कमाई वाटून घेणाऱ्या मायनरांच्या गटाचे, कमिशन परस्परांत वजा झाले असे समजू. यंत्र साडेतीन किलोवॉटचे, म्हणजे दिवसाला ८४ युनिट आणि महिन्याला अडीच हजारांहून अधिक. घरगुती मीटरवर ५०० युनिटांच्या पुढच्या टप्प्यात महावितरणचा दर वहन आकारासह १५ रुपयांच्या पुढे जातो. त्या दराने दिवसाची वीज १,२६० रुपयांची, म्हणजे यंत्र बंद ठेवणे हाच त्यातल्या त्यात किफायतशीर मार्ग. त्याउपर घरगुती जोडणीवर धंदा चालवणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्यात औद्योगिक जोडणी मिळवून ९ रुपये दर पदरात पडला असे धरले, तर वीज ७५६ रुपयांची आणि हाती ५४ रुपये. यंत्र वाहतूक, आयातशुल्क आणि जीएसटीसह चार लाखांना पडले असेल, तर या ५४ रुपयांनी ते फिटायला वीस वर्षे लागतील. त्या वीस वर्षांत पाच हाल्विंग बसतात.

या हिशेबात उन्हाळा धरलेला नाही. यंत्रात शिरणारी हवा ४० ते ४५ अंशांहून गरम नसावी असे उत्पादक सांगतात, आणि नागपुरात नवतपाच्या दुपारी सावलीतली हवाच तेवढी असते. साडेतीन किलोवॉटचे यंत्र साडेतीन किलोवॉट उष्णता खोलीत ओतते, आणि एक टनाचा एसी नेमकी तेवढीच उष्णता बाहेर काढतो. म्हणजे प्रत्येक यंत्रामागे एक टन एसी, त्याची किंमत आणि त्याचे बिल. वरचे ५४ रुपये त्यातच गेले.

तरीही या सगळ्यापेक्षा मोठा घाव करनियमांचा आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी डिजिटल मालमत्तेच्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर लावला, जो उपकरासह ३१.२ टक्के होतो, आणि संपादनाच्या किमतीखेरीज कोणत्याही खर्चाची वजावट नाकारली. मायनिंगसाठी उभारलेल्या पायाभूत सुविधांचा खर्च ही संपादनाची किंमत मानली जाणार नाही, कारण तो भांडवली खर्च आहे, हे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. याचा अर्थ असा की मायनरने नाणे विकले की पूर्ण विक्रीवर कर. यंत्राचा घसारा नाही, विजेचे बिलही वजा नाही. आपल्या उदाहरणात ८१० रुपयांवर सुमारे २५३ रुपये कर होतो, तर खरी शिल्लक ५४. बुटीबोरीतल्या कुठल्याही कारखानदाराला सांगून पाहा की तुझ्या विक्रीवर ३१ टक्के कर आहे आणि कच्चा माल, वीज, यंत्रे यांतले काहीच धरता येणार नाही. तो त्याच दिवशी शटर ओढील. यंत्र जितके महाग, तितका हा अन्याय मोठा, कारण जो खर्च सर्वाधिक वाढतो आहे नेमका तोच कराच्या नजरेला अदृश्य आहे.

मला मायनिंगचे प्रेम नाही, हे एव्हाना वाचकाच्या लक्षात आले असेल. तरीही हा नियम बदलावा असे माझे मत आहे. कर उत्पन्नावर असावा, उलाढालीवर नसावा, हे तत्त्व धंदा आपल्याला आवडतो की नाही यावर सोडता येत नाही. दुसरे असे की या नियमामुळे मायनिंग थांबलेले नाही, ते घरगुती मीटरमागे आणि परदेशी एक्स्चेंजांवरच्या नोंद नसलेल्या खात्यांत गेले आहे. संगणकाला जसा ४० टक्के घसारा मिळतो तसा या यंत्रांना द्या आणि वीजबिल वजा होऊ द्या. वरच्या आकडेमोडीत तेवढ्याने धंदा नफ्यात येत नाही, पण तो उघड्यावर येईल आणि त्याचा तोटाही कागदावर दिसेल. तो कागद दाखवता आला तर यंत्र घेऊ पाहणाऱ्या पुढच्या मुलाला समजावणे सोपे जाईल.

छतावर सोलर असेल तर वीज फुकट, हा सध्या सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रतिवाद. नागपूरच्या उन्हात पाच किलोवॉटचा संच दिवसाला साधारण वीस युनिट देतो. एका एस२१ ला चोवीस तास चालवायला ८४ युनिट लागतात, म्हणजे वीस किलोवॉटच्या आसपासचा संच हवा, आणि पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान तीन किलोवॉट व त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांवर थांबते. केवळ उन्हाच्या सहा तासांत यंत्र चालवले तर वीज खरोखर जवळजवळ फुकट पडते, पण कमाई चौथ्या हिश्शावर, दिवसाला दोनशे रुपयांवर येते. चार लाखांचे यंत्र अठरा तास रिकामे बसते आणि त्याची किंमत फिटायला, काठिण्यपातळी जराही वाढली नाही असे मानूनसुद्धा, साडेपाच वर्षे लागतात. वीज शून्य केली तरी यंत्राची किंमत गणित मोडतेच, याचा याहून सोपा पुरावा मला सापडत नाही. आणि ते वीस युनिट नेटमीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रीडला दिलेली वीज बिलातून वजा होण्याच्या सोयीत, जमा केले असते तर घराचे बिल उतरले असते, तेव्हा ते फुकट होते असेही म्हणवत नाही.

यंत्र हाताबाहेर गेले की ‘क्लाउड मायनिंग’वाले पुढे येतात, याची मात्र धास्ती वाटते. लाखांचे यंत्र कशाला घेता, थोड्या पैशांत आमच्या यंत्रात हिस्सा घ्या, असा हा प्रस्ताव असतो. महाराष्ट्राने ‘गेनबिटकॉइन’ प्रकरण पाहिले आहे. मायनिंगच्या नावाखाली दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असे आश्वासन त्यात होते. पुण्यात २०१८ मध्ये अटका झाल्या आणि तपास पुढे सीबीआयकडे गेला. महिन्याला दहा टक्के देणारे यंत्र ज्याच्याकडे असेल तो त्यात परक्याला हिस्सा का देईल, एवढा एक प्रश्न कोणी विचारला असता तरी पुष्कळांचे पैसे वाचले असते.

राहिला प्रश्न सरकारी सवलतींचा. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना सवलती आहेत, विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरातही सूट दिली गेली आहे, आणि नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात जागा आहे. तेव्हा मायनिंगची शेड ‘डेटा सेंटर’ या नावाने आत शिरण्याची वाट मोकळी आहे. करात न्याय मिळावा असे म्हणणारा मी या सवलतीला मात्र ठाम विरोध करीन. इथली वीज कोराडी, खापरखेडा आणि मौद्याच्या वीज केंद्रांत जळणाऱ्या कोळशाची आहे. एका यंत्राच्या ८४ युनिटांसाठी रोज अर्ध्या क्विंटलहून अधिक कोळसा जळतो, आणि त्याची राख कुठे जाते हे जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राख बंधारा फुटला तेव्हा त्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी पाहिले आहे. शंभर यंत्रांच्या शेडला साडेतीनशे किलोवॉट वीज लागते आणि ती सांभाळायला दोन-तीन माणसे पुरतात. जो धंदा रोजगार देत नाही, यंत्रे परदेशातून आणतो आणि चार वर्षांत ती ई-कचऱ्यात टाकतो, त्याचे यंत्र महागले म्हणून त्याची वीज इतर ग्राहकांच्या पैशांनी स्वस्त करण्याचे काहीच कारण नाही. राज्य वीज नियामक आयोगाने मायनिंगची वर्गवारी डेटा सेंटरपासून वेगळी करावी, मोठ्या भाराच्या जोडणीसाठी अर्ज करणाऱ्याकडून वापराचे प्रयोजन लेखी घ्यावे आणि अनुदानित दर त्या वर्गवारीला लागू करू नयेत. दरवाढीच्या याचिकेवर हरकती मागवल्या जातात तेव्हा नागपूरच्या ग्राहक संघटनांनी हा मुद्दा लेखी द्यायला हवा, कारण एकदा सवलतीचा आदेश निघाला की पुढील फेरविचारापर्यंत त्याचे ओझे वहन आकारातून आणि क्रॉस सबसिडीतून, म्हणजे एका वर्गाची सूट दुसऱ्याच्या दरातून भरून काढण्याच्या पद्धतीतून, इतर सर्व ग्राहकांच्या बिलांवर पडत राहते.